द्रोणागिरी (उरण)

द्रोणागिरी हा महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात, मुंबई बंदराच्या आग्नेय तोंडाशी उभा असलेला डोंगर आणि त्याच्या माथ्यावरील भग्न किल्ला आहे. किल्ल्यावर पोर्तुगीज काळातील चौकी, चर्च आणि पाणीसाठ्याचे अवशेष आढळतात. पायथ्याच्या चाणजे आणि जवळच्या रानवड या गावांतून बाराव्या-तेराव्या शतकांतील शिलाहार राजांचे शिलालेख मिळाले आहेत. डोंगर ज्या भूभागावर आहे तो आज तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला द्वीपकल्प दिसत असला, तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत तो करंजा किंवा उरण बेट म्हणूनच ओळखला जाई. नवी मुंबई प्रकल्पक्षेत्रात येणाऱ्या या भागात बंदर, तेल-वायू प्रकल्प आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्यामुळे बेटाची मूळ आकृती जमिनीवरून ओळखता येत नाही. ती अजूनही एका नजरेत पाहता येते ती माथ्यावरूनच, आणि म्हणून येथील पायवाटांना केवळ सहलीपुरते महत्त्व नाही.

सिडकोने विकसित केलेल्या ‘द्रोणागिरी’ या वसाहतीशी (नोडशी) या डोंगराची गल्लत होण्याचा संभव असतो. नोडला डोंगराचे नाव मिळाले आहे, परंतु तो बोकडवीरा, फुंडे, पागोटे, डोंगरी या गावांच्या परिसरातील सखल खारजमिनीवर आहे. नकाशावर केवळ ‘द्रोणागिरी’ असे शोधून निघालेला प्रवासी गडाऐवजी निवासी इमारतींपाशी पोहोचतो.

स्थान आणि भूरूप

उरणच्या जुन्या बेटावर दोन डोंगर आहेत. उत्तरेकडचा मोरा बंदरालगतचा डोंगर तुलनेने ठेंगणा, तर दक्षिणेकडचा द्रोणागिरी उंच आहे. दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात उरण शहर वसले आहे. पश्चिमेला मुंबई बंदराचे तोंड आणि अरबी समुद्र, तर दक्षिणेला धरमतरच्या खाडीचे विस्तीर्ण मुख आहे. या खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातील रेवस दिसते. उत्तरेला समुद्रात घारापुरी बेट आहे. पूर्वेला पूर्वी खाजणे, तिवरांची वने, मिठागरे आणि भरतीला भरणाऱ्या लहान खाड्या होत्या, आणि त्यांच्यामुळेच हा भूभाग मुख्य भूमीपासून वेगळा राहिला होता.

हा वेगळेपणा एकाएकी संपला नाही. आधी शेतकऱ्यांनी भातशेतीसाठी खारे पाणी अडवणारे मातीचे बांध घातले, मग मिठागरांच्या वाफ्यांनी चिखलाची जागा घेतली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भराव टाकून रस्ते, लोहमार्ग आणि बंदराचे धक्के बांधले गेले. आज पनवेलहून उरणला येताना बेटावर प्रवेश केल्याची कोणतीही खूण लागत नाही.

डोंगर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून बनलेल्या याच खडकात घारापुरीची लेणी कोरली गेली. उतारांवर गवत, करवंदाच्या जाळ्या आणि झुडपी रान आहे. पावसाळ्यानंतर उंच वाढलेले हे गवत हिवाळ्याच्या अखेरीस वाळून जाते आणि त्याला वणव्याचा धोका असतो.

नाव

रामायणातील संजीवनीच्या कथेत हनुमान द्रोणागिरी पर्वत उचलून आकाशमार्गे लंकेकडे नेतो. वाटेत त्या पर्वताचा तुकडा येथे पडला, अशी आख्यायिका उरण परिसरात सांगितली जाते. भारतात अन्यत्रही काही डोंगरांना हीच कथा जोडलेली आहे. करंजा येथे द्रोणागिरी देवीचे मंदिर आहे. करंज्यातील कोळी समाजाची या देवीवर विशेष श्रद्धा असून, समुद्रावर जाणाऱ्या लोकांच्या दृष्टीने डोंगर आणि देवी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मासेमारी करून परतणाऱ्या होड्यांना किनारा दिसण्याच्या कितीतरी आधी हा डोंगर दिसतो.

जुन्या युरोपीय नोंदींमध्ये संपूर्ण बेटाला ‘करंजा’ म्हटलेले आढळते. आज करंजा हे नाव प्रामुख्याने दक्षिण टोकाच्या मच्छीमार वस्तीला आणि बंदराला वापरले जाते. ‘उरण’ हे नाव मात्र त्याहून जुने असून ते शिलाहारांच्या लेखांतच येते.

शिलाहारकालीन पुरावे

किल्ल्याच्या इतिहासाची सुरुवात बहुधा पोर्तुगिजांपासून केली जाते, पण डोंगराच्या पायथ्याची वस्ती त्यांच्या चारशे वर्षे आधीची आहे. उत्तर कोकणावर नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहार घराण्याचे राज्य होते. श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांचे प्रमुख नगर होते.

चाणजे येथील पहिला लेख अपरादित्य या राजाचा असून तो शके १०६० (इ.स. ११३८-३९) मधील आहे. राजाने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यार्थ नागुम येथील शेत दान दिल्याची, तसेच चाडिजा गावातील एका बागेच्या दानाची नोंद त्यात आहे. नागुम म्हणजे आजचे नागाव आणि चाडिजा म्हणजे चाणजे. नागावचा समुद्रकिनारा आज पर्यटकांच्या परिचयाचा आहे, परंतु त्या नावाची जुनी लेखी नोंद एका मुलाने आईसाठी केलेल्या दानात सापडते ही गोष्ट फारशी प्रसिद्ध नाही.

दुसरे दोन लेख सोमेश्वर या राजाचे आहेत. रानवड येथील लेख शके ११८१ (इ.स. १२५९) चा आणि चाणजे येथील लेख शके ११८२ (इ.स. १२६०) चा आहे. चाणजे लेखानुसार उरणमधील एका बागेचे ठरलेले १६२ ‘पारुत्थ द्रम्म’ इतके उत्पन्न श्रीस्थानकातील उत्तरेश्वर महादेवाला लावून देण्यात आले. द्रम्म हे त्या काळचे चांदीचे नाणे होते. बागेचे उत्पन्न धान्यात न सांगता नाण्यांत निश्चित केलेले असणे आणि ते खाडीमार्गे ठाण्याच्या देवळाकडे जाणे यावरून उरण हे एकाकी बेट नव्हते, तर ठाण्याच्या अर्थव्यवहाराशी जोडलेला बागायती मुलूख होता, असे म्हणता येते. आजही चाणजे-नागाव पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या तग धरून आहेत.

सोमेश्वर हा उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अखेरचा राजा. देवगिरीच्या महादेव यादवाने त्याच्यावर स्वारी केली आणि समुद्रावरील संघर्षात इ.स. १२६५ च्या सुमारास सोमेश्वराचा अंत झाला. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर कोरलेली जहाजांची लढाई याच प्रसंगाची असावी, असा एक तर्क आहे. म्हणजे चाणजे येथील दुसऱ्या लेखानंतर अवघ्या पाच वर्षांत ते दान देणारे राज्यच नाहीसे झाले. शिलाहार लेखांचे साक्षेपी संकलन वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले असून ते १९७७ साली प्रसिद्ध झाले.

शिलाहारांच्या दानलेखांवर वर सूर्य-चंद्र आणि खाली गाढवाची आकृती असलेली, ‘गद्धेगाळ’ म्हणून ओळखली जाणारी शिल्पे अनेकदा आढळतात. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. सूर्य-चंद्र असेपर्यंत दान टिकावे हा त्या चिन्हांचा अर्थ. कोकणात असे अनेक दगड शेताच्या बांधावर, देवळाच्या पायरीला किंवा विहिरीच्या काठाला पडून राहिलेले आढळतात, आणि पुष्कळदा त्यांना शेंदूर लावून पूजले जाते. शेंदरामुळे अक्षरे बुजतात हे खरे, पण देव मानलेला दगड जागचा हलवला जात नाही हेही तितकेच खरे आहे.

किल्ल्याच्या स्थापनेचा संबंध काही लेखनात देवगिरीच्या यादवांशी जोडला जातो. माथ्यावर आज दिसणारे चुन्यातील बांधकाम मात्र पोर्तुगीज काळाचे आहे.

पोर्तुगीज ठाणे

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मधील तहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतील मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर करंजा बेट सुमारे दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिले. बेटावर त्यांची दोन ठाणी होती, एक उरण गावात आणि दुसरे द्रोणागिरीच्या माथ्यावर. उरणच्या ठाण्याची आठवण ‘कोटनाका’ या नावात उरली आहे, आणि उरणचे नवे रेल्वे स्थानक याच कोटनाका भागात बांधले गेले आहे.

माथ्यावरील चर्चला पोर्तुगीज नोंदींत ‘नोसा सेन्योरा दा पेन्या’ असे नाव आहे. ‘पेन्या’ म्हणजे कडा किंवा सुळका, आणि पूर्ण नावाचा अर्थ ‘कड्यावरील माउली’ असा होतो. समुद्राकाठच्या उंच जागी मेरीमातेचे देऊळ बांधायचे आणि खलाशांनी दुरूनच तिला वंदन करायचे ही पोर्तुगालमधील जुनी रीत आहे. पायथ्याला द्रोणागिरी देवी आणि माथ्यावर ‘कड्यावरील माउली’ अशी दोन्ही श्रद्धास्थाने एकाच डोंगरावर, एकाच कामासाठी आली, हा योगायोग मानला तरी लक्षणीय आहे.

ठाण्याचे खरे महत्त्व धर्मापेक्षा जकातीत होते. इ.स. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले आणि १६६५ मध्ये इंग्रजांनी त्याचा प्रत्यक्ष ताबा घेतला. परंतु मुंबईभोवतीचे पाणी पोर्तुगिजांच्याच हाती राहिले. मुंबईहून कल्याणकडे जाणारी गलबते ठाण्याच्या खाडीतून जात आणि पेण-नागोठण्याकडे जाणारी गलबते करंज्यावरून धरमतरच्या खाडीत शिरत. या दोन्ही नाक्यांवर, म्हणजे ठाणे आणि करंजा येथे, पोर्तुगीज अधिकारी मालावर जकात घेत. मुंबई हाती येऊनही मुख्य भूमीशी व्यापार करताना आपल्याला शेजाऱ्याला कर द्यावा लागतो, ही इंग्रजांची तक्रार पुढे दीर्घकाळ चालू राहिली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या कारकिर्दीतील वादांमध्ये ती प्रमुख होती. द्रोणागिरीच्या माथ्यावरून धरमतरच्या मुखात शिरणारे प्रत्येक शीड दिसते. तेथे चौकी का बांधली, याचे उत्तर त्या दृश्यातच आहे.

मराठे आणि इंग्रज

छत्रपती संभाजी महाराज आणि पोर्तुगीज यांच्यात १६८३ मध्ये पेटलेल्या संघर्षात हे बेट काही काळ मराठ्यांच्या ताब्यात आले, नंतर ते पोर्तुगिजांनी परत मिळवले. पुढे चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेने उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आणली. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि त्याच वर्षी मानाजी आंग्रे यांनी करंजा घेतले.

मराठ्यांचा ताबा पस्तीस वर्षे टिकला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात सत्तासंघर्ष सुरू झाला, त्याचा लाभ घेऊन मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला जिंकला आणि साष्टीपाठोपाठ करंजाही घेतले. रघुनाथरावाशी झालेला सुरतेचा तह (१७७५), पुरंदरचा तह (१७७६) आणि अखेर साळबाईचा तह (१७८२) या तिन्ही करारांच्या वाटाघाटींत मुंबईलगतच्या बेटांचा प्रश्न होता. साळबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटे इंग्रजांकडे कायम झाली. ज्या जकातनाक्याने मुंबईला शंभर वर्षे सतावले तो अशा रीतीने मुंबईच्याच मालकीचा झाला. मग या डोंगरावर सैन्य ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. किल्ला लढाईत पडला नाही, तो निरुपयोगी झाल्यामुळे ओस पडला.

इंग्रजी अमलात उरणची ओळख बदलून ती मीठ आणि मद्य यांची झाली. विस्तीर्ण मिठागरांबरोबरच मोहाच्या फुलांपासून दारू गाळणाऱ्या भट्ट्या येथे होत्या आणि त्यांचा माल मुंबईला जाई.

माथ्यावर जाणाऱ्या वाटा

गडावर जाण्याची परिचित वाट उरण-करंजा रस्त्यावरील डाऊरनगर वस्तीच्या बाजूने चढते. उरण शहरातून तेथपर्यंत रिक्षा मिळतात. वस्ती मागे पडल्यावर पायवाट झुडपांतून तिरकी वर जाते, आणि सामान्य चालीने पाऊण ते एक तासात माथा गाठता येतो. चढ अवघड नाही, पण मुरमाड असल्यामुळे उतरताना पाय घसरतो. गुरे आणि सरपण गोळा करणारे यांच्या वाटा मुख्य वाटेला ठिकठिकाणी फुटतात. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि फाटे दिसत नाहीत, म्हणून नवख्याने स्थानिक माणसाला विचारून किंवा सोबत घेऊन जावे. करंज्याच्या बाजूनेही डोंगरावर वाटा चढतात. तिकडून आल्यास देवीचे मंदिर आणि बंदर पाहून चढाई सुरू करता येते.

डिसेंबर आणि जानेवारी हे महिने सर्वांत सोयीचे. उतारावर सावली फारशी नाही आणि समुद्रसपाटीपासूनच चढ असल्याने सह्याद्रीतील गडांसारखी थंड हवाही नाही. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत माथ्यावर पोहोचणे हिताचे. पिण्याचे पाणी खालूनच न्यावे लागते. पावसाळ्यात डोंगर अतिशय देखणा दिसतो, परंतु निसरडा मुरूम आणि खणलेल्या उतारांवरील सुटी माती यांमुळे त्या दिवसांत कडेला जाणे धोक्याचे आहे.

डोंगराच्या पश्चिमेला तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचा (ओएनजीसी) प्रकल्प आहे. तो उच्च सुरक्षेत असून त्याच्या कुंपणालगत फिरणे, त्याची छायाचित्रे घेणे किंवा ड्रोन उडवणे टाळावे लागते. करंज्याच्या परिसरात नौदलाचेही प्रतिबंधित क्षेत्र आहे. डोंगरावर शेकोटी किंवा चूल पेटवू नये, हा नियम इतर गडांपेक्षा येथे अधिक कठोरपणे पाळायला हवा. ३ सप्टेंबर २०१९ रोजी या प्रकल्पात लागलेल्या आगीत चार जणांचा मृत्यू झाला होता, त्यांपैकी तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशमन जवान होते. वाळक्या गवताचा डोंगर आणि वायूप्रक्रिया प्रकल्प यांचे असे सान्निध्य राज्यातील फार थोड्या किल्ल्यांच्या वाट्याला आले असेल.

उरणला पोहोचण्याचे तीन मार्ग आहेत. नेरूळ आणि बेलापूरहून येणारी उपनगरी रेल्वे १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत सुरू झाली. तोपर्यंत रेल्वे खारकोपरपर्यंतच येत असे. त्याच दिवशी खुल्या झालेल्या अटल सेतूने मुंबईतील शिवडी आणि उरण तालुक्यातील चिर्ले यांना जोडले. जलमार्ग या दोहोंपेक्षा कितीतरी जुना आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरात लाँच येते आणि रेवसहून करंज्याला तर येते. मोऱ्याला गाळ साठत असल्याने मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. वेळेच्या दृष्टीने रेल्वे अधिक खात्रीची असली, तरी किल्ल्याची जागा समजून घ्यायची असेल तर एकदा तरी पाण्यावरून यावे. किल्ला पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी होता, आणि पाण्यावरून पाहिल्यावरच त्याची उंची पुरेशी का होती हे कळते.

माथ्यावरील अवशेष

वर पोहोचल्यावर प्रवेशद्वाराचे आणि तटाचे तुटक अवशेष, पहारेकऱ्यांच्या जागेचे जोते, दगड-चुन्यात बांधलेल्या चर्चच्या भिंती आणि पाण्याचा साठा आढळतो. रायगड किंवा वसईच्या मानाने हे सर्व अत्यल्प आहे, आणि भव्य तटबंदीच्या अपेक्षेने आलेल्याची निराशा होते. हे मुळातच मोठे लष्करी केंद्र नव्हते. लहान शिबंदीची टेहळणी चौकी, तिच्यापुरते पाणी आणि तिच्यापुरते प्रार्थनास्थळ, एवढाच त्याचा पसारा होता.

चर्चच्या भिंतींना वड-पिंपळाच्या मुळांनी पोखरणे ही कोकणातील सर्वच चुनेबंद वास्तूंची व्यथा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात पडलेले बी दोन-तीन पावसाळ्यांत मूळ धरते, मूळ जाड होत जाते तसे ते दगड बाजूला ढकलते, आणि मग नुसते झाड तोडून उपयोग होत नाही, कारण कुजलेल्या मुळाच्या जागी पोकळी राहून भिंत आणखी खिळखिळी होते. त्यामुळे वाढलेले झाड उत्साहाने उपटून काढणे हे संवर्धन नव्हे. अशा कामासाठी पुरातत्त्व विभागाचे मार्गदर्शन लागते.

माथ्यावरून पाहताना उत्तरेला घारापुरी आणि त्यामागे ठाण्याची खाडी, वायव्येला मुंबई शहर, दक्षिणेला धरमतरचे मुख आणि रेवस दिसते. हवा स्वच्छ असल्यास नैर्ऋत्येला खांदेरी आणि उंदेरी हे जलदुर्गही ओळखता येतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी एवढा विरोध का केला, हे या ठिकाणी उभे राहून सहज समजते, कारण मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारे प्रत्येक जहाज त्या बेटांसमोरून आणि मग या डोंगरासमोरून जाते. पूर्वेला कर्नाळ्याचा सुळका आहे. त्याच्या अलीकडे जिथे मिठागरे आणि खाजणे होती तिथे आता कंटेनरच्या रांगा, टाक्या आणि इमारती आहेत.

डोंगराभोवतीचा बदल

महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये सिडकोची स्थापना केली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी निश्चित केली. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले आणि समुद्रातील तेल-वायू किनाऱ्यावर आणण्याचे ठिकाण म्हणून उरण निवडले गेले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. अवघ्या वीस वर्षांत शेती, मीठ आणि मासेमारीचा तालुका देशाच्या ऊर्जा आणि आयात-निर्यात व्यवहाराचा नाका बनला.

हा बदल शांतपणे झाला नाही. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा मृत्यू झाला. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याच्या धोरणामागे हे आंदोलन आहे. माथ्यावरून दिसणाऱ्या कंटेनरच्या रांगांखाली कोणाची शेते होती, हा प्रश्न उरणमध्ये अजूनही जुना झालेला नाही.

किल्ल्याच्या दृष्टीने गंभीर बाब अशी की सखल खाजणांवर भराव टाकायचा तर माती, मुरूम आणि दगड लागतो, आणि तो जवळच्या डोंगरांतून येतो. उरण-पनवेल पट्ट्यातील अनेक टेकड्या दगडखाणींनी अर्ध्याअधिक कापल्या आहेत. द्रोणागिरीच्या उतारांवरील उत्खननाबद्दल आणि त्यामुळे माती घसरण्याच्या भीतीबद्दल स्थानिक रहिवासी व पर्यावरण कार्यकर्त्यांनी वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. गडाच्या भिंती जपण्याची चर्चा होते तेव्हा बहुधा चुना, झाडे आणि कचरा यांचा विचार होतो. येथे भिंतींच्या खालचा डोंगरच उपसला जाण्याची भीती आहे, आणि तो गेला तर डागडुजीचा प्रश्नच उरत नाही.

पायथ्याच्या पाणथळ जागांचीही स्थिती नाजूक आहे. पाणजे, बेलपाडा, भेंडखळ येथील पाणथळींवर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर स्थलांतरित पक्षी उतरतात. या जागांत भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बंद केले की त्या आपोआप कोरड्या पडतात आणि मग त्यांना पडीक म्हणणे सोपे जाते. पक्षी-निरीक्षक आणि मच्छीमार यांचा या मुद्द्यावर वर्षानुवर्षे शासकीय यंत्रणांशी वाद सुरू आहे. जुन्या बेटाला मुख्य भूमीपासून वेगळे ठेवणाऱ्या पाण्याचा राहिलेला शेवटचा भाग म्हणजे याच पाणथळी होत.

रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या खाडीपुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. त्याची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून, म्हणजे १९८० पासून मांडली जात होती. पूल झाल्यावर अलिबागकडे जाणारी वाहतूक डोंगराच्या पायथ्याजवळून जाईल.

परिसरातील इतर अवशेष

द्रोणागिरीबरोबर पाहण्याजोग्या स्थळांत घारापुरी अर्थातच प्रथम येते. सहाव्या शतकातील शैव लेण्यांमुळे ते १९८७ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते उरण तालुक्यातच मोडते, मात्र बहुतेक पर्यटक मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून येऊन तसेच परत जात असल्याने ही गोष्ट लक्षात राहत नाही. लेण्यांच्या पायऱ्या चढून परतणारे पुष्कळ, पण बेटाच्या दुसऱ्या टेकडीकडील विटांच्या बौद्ध स्तूपाच्या अवशेषांकडे वळणारे थोडे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला नाव दिले तो आता मुंबईत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे.

उरणजवळ केगावच्या किनाऱ्यावर माणकेश्वराचे मंदिर आहे. शिलाहार लेखांतील रानवड येथून फार दूर नाही, त्यामुळे केगाव, रानवड, नागाव, चाणजे आणि शेवटी द्रोणागिरीची चढाई असा एका दिवसाचा पायी फेरा आखता येतो. पनवेल खाडीच्या मुखावरील बेलापूरचा किल्ला नवी मुंबई शहराच्या मध्येच, किल्ले गावठाण भागात आहे. तोही पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांच्या हातांतून गेला आणि त्याचेही काम खाडीतील वाहतुकीवर नजर ठेवण्याचे होते. त्याचा बुरूज रस्त्यावरून काही मिनिटांत गाठता येतो, म्हणून चढाई शक्य नसलेल्यांना द्रोणागिरीऐवजी तो पाहता येईल.